धुळीत २२ वर्षं काम केलेल्या बाबांची धाप: मेसोथेलिओमाची शंका कधी घ्यायची?

पत्र: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून २२ वर्षं त्यांनी जहाजदुरुस्तीच्या गोदीत लॅगिंगचं काम केलं. वाफेच्या पाइपांवर, बॉयलरवर उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाचं, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवायचं आणि जुनं झालं की खरवडून काढायचं. कामाचे कपडे घरीच यायचे. आई ते झटकून मग भिजत घालायची, मी लहानपणी तिथेच आजूबाजूला असायचे. गेल्या वर्षी बाबांच्या कामावरच्या जोडीदाराला मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) निघाला. आता दीड महिना झाला, बाबांना एक जिना चढला तरी धाप लागते आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली ठसठसतं. दोनदा अँटिबायोटिक झालं, फरक नाही. बाबा म्हणतात, वय झालं. सिगारेट त्यांनी ४५व्या वर्षी सोडली. हे तेच असेल का? आईला आणि मला किती धोका आहे? तिघांनी दरवर्षी सीटी स्कॅन करावा का? आणि एक: मागच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. रविवारी माझे पती पाइप घालायला त्यात भोक पाडणार आहेत. चालेल का?

उत्तर:

रविवारचं काम तूर्त थांबवा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. आधी बाबा.

हे तेच आहे का, ते पत्रावरून सांगता येणार नाही, आणि नुसतं तपासून कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. पण दुखणं एकाच बाजूला, दीड महिन्यात वाढलेली धाप, अँटिबायोटिकला दाद नाही आणि मागे २२ वर्षांचं लॅगिंग, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की छातीचा एक्स-रे याच आठवड्यात व्हायला हवा. वयानं येणारी धाप वर्षावर्षानं वाढते. गेल्या सणाला जिना सहज चढणारा माणूस दीड महिन्यात पहिल्याच मजल्यावर थांबायला लागला, तर त्याचं कारण वय नव्हे, दुसरं काहीतरी आहे. ते काहीतरी मेसोथेलिओमाच असेल असं मुळीच नाही. हृदयाचा त्रास, टीबी, फुप्फुसाचा कर्करोग, पायातून सुटून फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, यांतलं काहीही असू शकतं. त्यातल्या एकालाही थांबून राहणं परवडत नाही.

धाप कुठून येते ते कळलं की पुढच्या तपासण्यांचा क्रमही कळेल. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला तसंच दुसरं. मध्ये जेमतेम १० ते २० मिलिलिटर, म्हणजे दोन-चार चमचे पाणी असतं, वंगणासारखं. मेसोथेलिओमा हा या आवरणाचा कर्करोग, खुद्द फुप्फुसाचा नव्हे. आवरण रोगट झालं की पाणी जास्त झिरपतं आणि ते शोषून नेणाऱ्या वाटाही तुंबतात. मग छातीत लिटर-दीड लिटर पाणी साठतं आणि त्याखाली फुप्फुस दबून जातं. लोक ‘छातीत पाणी झालं’ म्हणतात ते हेच. उभ्यानं समोरून काढलेल्या एक्स-रेत साधारण २०० मिलिलिटर साठल्याशिवाय ते नीट दिसतही नाही. म्हणून पूर्वी कधीतरी काढलेला ‘नॉर्मल’ एक्स-रे आज दाखवून उपयोग नाही.

एक्स-रेच्या आधीही डॉक्टरांच्या बोटांना हे पाणी कळतं. पाठीवर एका हाताचं मधलं बोट सपाट टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करत ते वरून खाली येतात. हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज पोकळ, घुमल्यासारखा येतो. पाणी जिथं सुरू होतं तिथं तो एकदम बद्द होतो, दगडी भिंतीवर वाजवल्यासारखा. त्याच जागी स्टेथोस्कोप ठेवला तर श्वासाचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. बाबांचा सदरा काढून, पाठ दोन्ही बाजूंनी अशी तपासून झाली आहे का? नसेल तर तसं स्पष्ट सांगा. खोकला ऐकून आणि घसा बघून लिहिलेल्या दोन अँटिबायोटिकना छातीची तपासणी म्हणता येत नाही.

दुखण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथंच फसगत होते. न्यूमोनियातलं किंवा साध्या प्लुरसीतलं (फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहातलं) दुखणं टोचणारं असतं, खोल श्वास घेतला की कळ येते. मेसोथेलिओमाचं दुखणं बहुधा बोथट असतं, जड वाटतं, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही. श्वासाशी त्याचा फार संबंध नसतो आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. कधी खांद्यात उतरतं, कधी पोटाच्या वरच्या भागात. त्यामुळे खांद्याचे व्यायाम, मणक्याचे एक्स-रे, पित्ताच्या गोळ्या यात महिने जातात. पुढेपुढे आवरण जाड होऊन फुप्फुसाभोवती सालीसारखं आवळत जातं. तेव्हा एक विचित्र गोष्ट घडते: पाणी कमी झालेलं असतं, तरी धाप वाढते, कारण फुप्फुस फुगायलाच जागा उरत नाही. ती बाजू मग श्वास घेताना हललेली दिसत नाही.

सोबत कोरडा खोकला, भूक मरणं, वजन उतरणं, रात्री घाम, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं, अधूनमधून कणकण. ही लक्षणं शंभर आजारांत असतात, एकट्यानं त्यांना काही किंमत नाही. वजनाचा मात्र आकडा हवा. ‘बारीक झालेत’ असं न सांगता सहा महिन्यांपूर्वी किती होतं आणि आज काट्यावर किती, ते लिहून न्या. थुंकीतून रक्त पडणं मेसोथेलिओमात कमी आढळतं. ते असेल तर डॉक्टर आधी फुप्फुसाचा कर्करोग किंवा टीबी शोधतील. आवाज बसणं, गिळताना अडकणं, चेहरा आणि मान सुजणं ही रोग पुढं सरकल्याची लक्षणं आहेत.

बसल्या जागी धाप लागणं, एक वाक्य एका दमात पूर्ण न होणं, ओठ निळसर दिसणं, रक्ताची उलटी किंवा थुंकी, अचानक छातीत जोराची कळ, एकाच पायाची पोटरी सुजणं आणि दुखणं: यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

आता जाण्याआधीचं काम, आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरात महत्त्वाचं हेच आहे. एका कागदावर बाबांच्या धुळीचा इतिहास लिहा. या रोगात संपर्क आणि लक्षणं यांत साधारण २० ते ५० वर्षांचं अंतर असतं. त्यामुळे डॉक्टर ‘काय करता?’ विचारतात, माणूस ‘निवृत्त आहे’ म्हणतो, आणि विषय तिथंच संपतो. लॅगिंग हा शब्द तरुण डॉक्टरांनी कदाचित ऐकलेलाही नसेल. कागदावर एवढं हवं: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हातानं नेमकं काय करायचे (लगदा कालवणं, कापड-दोरी गुंडाळणं, जुनं आवरण तोडणं), जागा कशी, म्हणजे उघड्यावर की जहाजाच्या पोटातल्या बंद इंजिनखोलीत, दिवसाचे किती तास, तोंडाला मास्क होता का, कपडे कुठं धुतले जायचे. त्यानंतरच्या नोकऱ्याही लिहा. गॅरेजमध्ये ब्रेक लायनर बदलणं, गॅस्केट कापणं, इमारती पाडणं हेही धुळीचंच काम. जुनं आवरण तोडण्याचा उल्लेख वेगळा करा, कारण नवं चढवण्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त धूळ उडते, आणि तीही सुकलेली.

हा कागद बाबांकडूनच लिहवून घ्या. जोडीदाराचं ऐकल्यापासून तो शब्द त्यांच्या मनात असणारच, तुम्ही लपवून काही साधणार नाही. ‘वय झालं’ हे बऱ्याचदा भीतीच बोलत असते. ‘छातीत पाणी आहे का ते बघायचंय, आणि तुमच्या कामाची माहिती तुमच्याइतकी कोणाला नाही’ असं म्हटलं तर येतील.

एक्स-रेत एका बाजूला पाणी दिसलं, तर छातीरोगतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून सुईनं पाणी काढतील. एका बैठकीत साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत. दबलेलं फुप्फुस झटक्यात फुगलं तर उलट त्यातच पाणी उतरू शकतं. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आदल्या दिवशी नव्हे, वेळ ठरवतानाच सांगा. काढलेलं पाणी प्रथिनं, साखर, जंतू, टीबी आणि कर्करोगाच्या पेशी यांसाठी जातं. पेशींसाठी २५ ते ५० मिलिलिटर तरी पाठवायला हवं. छोट्या बाटलीतल्या पाच मिलिलिटरवर भिस्त ठेवू नये.

आणि इथंच सगळ्यात मोठी चूक होते. रिपोर्ट येतो, ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पाणी काढल्यानं धापही गेलेली असते. दोन-तीन आठवड्यांत पाणी परत भरतं. मेसोथेलिओमात निम्म्याहून जास्त वेळा पाण्यात खात्रीच्या पेशी मिळतच नाहीत. कारण साधं आहे: रोग आवरणात रुजलेला असतो, पाण्यात सुट्या पडलेल्या पेशी थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या दाहामुळे सुजलेल्या साध्या पेशींसारख्या दिसतात. तेव्हा धुळीचा इतिहास असलेल्या माणसाच्या पाण्यात काही मिळालं नाही, तर त्याचा अर्थ ‘अजून कळलेलं नाही’ एवढाच घ्यायचा. दुसऱ्यांदा पाणी तपासून फारसं हाती लागत नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच. पुढची पायरी म्हणजे शिरेतून डाय देऊन छातीचा आणि पोटाच्या वरच्या भागाचा सीटी (त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, बघतात) आणि आवरणाचा तुकडा. थोराकोस्कोपीत दोन बरगड्यांमधून दुर्बीण घालून आवरण डोळ्यांनी बघतात आणि संशयित जागेचे तुकडे घेतात. यात दहापैकी नऊहून जास्त वेळा निदान होतं. प्रकृतीला ते झेपणार नसेल तर सीटी किंवा सोनोग्राफीत बघत सुईनं तुकडा घेतात.

सीटीच्या रिपोर्टमध्ये आवरण एक सेंटीमीटरहून जाड, गाठीगाठींचं, फुप्फुसाला सगळीकडून वेढणारं किंवा हृदयाकडच्या बाजूलाही जाड झालेलं, असं लिहिलं असेल तर तुकडा टाळायचं कारण उरत नाही. ‘प्लुरल प्लाक’ लिहिलं असेल तर मात्र घाबरू नका. हे आवरणावरचे टणक, पुष्कळदा चुना साचलेले चट्टे असतात. अ‍ॅस्बेस्टॉस शरीरात गेल्याची ती खूण आहे. ते कर्करोग नाहीत आणि त्यांचा पुढं कर्करोग होत नाही. अ‍ॅस्बेस्टोसिस हे तिसरंच प्रकरण: खुद्द फुप्फुस दोन्ही बाजूंना खालून राठ होत जातं, धाप वर्षानुवर्षं वाढते. ही तीन नावं एकमेकांत मिसळली की घरात उगाच रडारड होते, नाहीतर उगाच निर्धास्तपणा येतो.

टीबी जिथं घरोघरी माहीत आहे, तिथं एका बाजूचं पाणी दिसलं की टीबीची औषधं सुरू होतात. ते चुकीचं नाही, बऱ्याचदा निदान बरोबरच असतं. पाण्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ४०च्या वर असेल तर टीबीच्या बाजूनं कौल जातो, पण एडीए मेसोथेलिओमातही वाढलेलं सापडू शकतं. औषधं सुरू झालीच, तर ताप साधारण दोन आठवड्यांत आणि पाणी दीड-दोन महिन्यांत उतरणीला लागायला हवं. औषध नियमित घेऊनही पाणी भरत राहिलं, वजन घटत राहिलं, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत थांबू नका, तुकड्याचं तेव्हाच विचारा.

तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट विशिष्ट रंगचाचण्या करतो. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-वन यांसारख्या चाचण्या मेसोथेलिओमाकडे बोट दाखवतात. टीटीएफ-वन, क्लॉडिन-फोर या फुप्फुसाच्या किंवा इतर कर्करोगाकडे. रिपोर्टमध्ये प्रकारही हवा: एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की दोन्हींचं मिश्रण. पहिला सगळ्यात जास्त आढळतो आणि तुलनेनं सौम्य असतो, दुसरा जास्त आक्रमक असतो आणि केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. हा प्रकार कळल्याशिवाय उपचारांची चर्चा सुरूच होत नाही. तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचा रुग्णाच्या मालकीच्या समजून सांभाळा. दुसरं मत घ्यायला आणि कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई मागायला त्याच लागतात. भरपाईच्या अर्जाला मुदत असते, म्हणून निदानाची तारीख नोंदवून ठेवा.

सिगारेटबद्दल. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही; बाबांना तो असलाच तर सिगारेटीनं झालेला नसेल, घरात कोणी तसं बोलत असेल तर थांबवा. फुप्फुसाच्या कर्करोगाचं मात्र उलट आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ना धूळ ना सिगारेट अशा माणसाच्या तुलनेत नुसत्या धुळीनं फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटीनं ११ पट, आणि दोन्ही मिळून ५३ पट निघाला. त्यामुळे बाबांच्या छातीत पाणी निघालं तर डॉक्टर फुप्फुसाचा कर्करोगही तितक्याच कसून शोधतील. बाबांचं काम ज्या धंद्यात मोडतं तो नेमका हाच, म्हणून याच अभ्यासातला आणखी एक आकडा देणं भाग आहे: दहा वर्षांतल्या २,२७१ मृत्यूंपैकी १७५ मेसोथेलिओमाचे होते. म्हणजे या रोगाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट समजल्या जाणाऱ्या धंद्यातही तेरांत साधारण एक. धोका खरा आहे आणि मोठा आहे, तरी बहुतेकांना हा रोग होत नाही.

कोणाला होतो, हे तीन गोष्टींवर बरंचसं ठरतं: तंतू कुठला, धूळ किती, आणि पहिल्यांदा कधी गेली. निळा (क्रोसिडोलाइट) आणि तपकिरी (अमोसाइट) अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सरळ, सुईसारखे असतात आणि फुप्फुसात दशकानुदशकं टिकतात. पांढऱ्याचे (क्रायसोटाइल) तंतू कुरळे असतात आणि तुलनेनं लवकर विरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश विश्लेषणानं मेसोथेलिओमाचा धोका पांढऱ्याला १ धरला तर तपकिरीला १०० आणि निळ्याला ५०० असा अंदाज मांडला. तरीही पांढरा निर्धोक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक मानते. लांब तंतू गिळायला आलेली संरक्षक पेशी तो पुरा गिळू शकत नाही, अर्धवट गिळून मरते आणि दाहक रसायनं तिथंच सांडते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि आवरणाच्या पेशींच्या जनुकांत बिघाड साचत जातो. पहिल्या संपर्काला जितकी वर्षं होतील तितका धोका चढतो, संपर्क कधीच संपलेला असला तरी. बाबा एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले, त्याला ५२ वर्षं झाली. ‘काम सोडून तीस वर्षं झाली, आता काय’ हा हिशोब इथं लागू पडत नाही.

इतर कारणं मोजकी आहेत. तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या काही गावांत एरिओनाइट नावाच्या तंतुमय खनिजामुळे घरंच्या घरं या रोगानं गेली. तरुणपणी छातीला दिलेले किरणोपचार हे एक कारण. बीएपी-वन या जनुकात जन्मतः दोष असलेली काही कुटुंबं असतात. तिथं डोळ्याचा मेलानोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा एकाच घरात, कमी वयात दिसतात. तुमच्या नात्यात तसं काही असेल तरच जनुकतज्ज्ञाकडे जा.

आता आई. कपडे झटकणं ही काल्पनिक भीती नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातून ३३ रुग्णांचा जो अहवाल आला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच न उतरलेली, नुसती खाणीजवळ वाढलेली माणसं होती. १९६५च्या लंडनमधल्या अभ्यासात ७६ रुग्णांपैकी नऊ जणांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध एवढाच होता की घरातलं कोणीतरी त्या कामाला जायचं, आणि त्यातल्या बहुतेक बायका होत्या. कोरडा ओव्हरऑल जोरात झटकला की तंतूंचा ढग नेमका तोंडाच्या उंचीवर येतो. आईचा धोका बाबांपेक्षा बराच कमी, पण तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही लहान होतात आणि पुढं आयुष्य मोठं, म्हणून तुमचा शून्य धरता येत नाही, इतकंच. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तिशीच्या आत अशा कामगाराबरोबर एका घरात राहिलेल्यांचा धोका साधारण दुप्पट निघाला. पण ज्याची दुप्पट झाली तो मूळ धोकाच हजारात एकाच्या आसपासचा आहे.

आईच्या बाबतीत छातीइतकंच पोटावर लक्ष ठेवा. हा रोग पोटाच्या आवरणालाही होतो, एकूण रुग्णांत दहा-वीस टक्क्यांना. खाणं कमी होऊनही कमरेचा घेर वाढणं, दोन घासांत पोट भरणं, पोट सतत तट्ट, शौचाच्या सवयीत बदल, नव्यानं झालेला हर्निया. बाईच्या पोटात पाणी आणि रक्तात सीए-१२५ (कर्करोगात वाढू शकणारं एक प्रथिन) वाढलेलं दिसलं की अंडाशयाच्या कर्करोगाचा अंदाज बांधला जातो. सीए-१२५ दोन्हींत वाढतं. तेव्हाही धुळीचा तोच कागद आणि तुकड्याची तपासणी. हृदयाच्या आवरणाला किंवा पुरुषांच्या अंडकोशाभोवतीच्या आवरणाला होणारा प्रकार फार क्वचित आढळतो.

दरवर्षीच्या सीटीला माझं उत्तर ‘नको’ असं आहे, तुम्हाला आणि आईला तर नक्कीच. लक्षणं नसताना स्कॅन करून मेसोथेलिओमाचे मृत्यू कमी होतात, असं दिसलेलं नाही. मेसोथेलिन या रक्तचाचणीचंही तेच. स्कॅनमध्ये बारीकसारीक डाग मात्र निघतात, मग त्यांच्यामागे पुन्हा स्कॅन, पुन्हा सुई. त्याऐवजी दोघींच्या आरोग्याच्या फाइलीत पहिल्याच पानावर ‘घरातून अ‍ॅस्बेस्टॉसचा संपर्क’ अशी ओळ लिहवून घ्या. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, धाप किंवा छातीचं दुखणं असेल तर एक्स-रे. एवढं पुरे. बाबांचं गणित वेगळं. आताच्या तपासण्या निर्मळ निघाल्या, तर सिगारेट आणि धूळ दोन्ही धरून फुप्फुसाच्या कर्करोगासाठी कमी किरणांचा सीटी करायचा का, ते छातीरोगतज्ज्ञांना विचारा. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस घेतलेली बरी.

निदान तेच निघालं तर? पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरणात टाल्कची पूड सोडतात किंवा बारीक नळी कायम ठेवून घरीच पाणी काढायला शिकवतात. धापेला याचा आराम लवकर पडतो. इम्युनोथेरपीतली निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी २०२०पासून पहिल्या उपचारात आली, नाहीतर पेमेट्रेक्सेडबरोबर सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. छातीतला रोग यानं सहसा पूर्ण बरा होत नाही, महिने वाढतात, काहींना वर्षं मिळतात. फुप्फुसावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा आग्रह कोणी धरला तर दुसरं मत घ्या; अलीकडच्या मोठ्या चाचणीत तिनं आयुष्य वाढलं नाही. पोटातल्या प्रकारात मात्र निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेबरोबर पोटात गरम केमोथेरपी दिल्यानं बराच फायदा होतो.

राहिले पत्रे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतं, बहुधा पांढरं, सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं. अखंड पत्रा डोक्यावर असण्यानं फारसं काही होत नाही. ड्रिल लावलं की मात्र तेच तंतू पिठासारखे बाहेर येतात, आणि शिडीवर उभ्या माणसाचं तोंड भोकापासून हातभर अंतरावर असतं. ग्राइंडरची चकती तर त्याहून वाईट. पाइप शेडच्या भिंतीतून किंवा पत्र्याच्या कडेखालून नेता येत असेल तर तसाच न्या, भोक पाडूच नका. पत्रे शेवाळले असतील तर तारेच्या ब्रशनं घासू नका, प्रेशरचं पाणीही मारू नका, वरचा थर सुटतो.

काढायचेच झाले तर त्या कामाचा परवाना असलेल्या माणसांकडून. एखादाच सुटा, न फुटलेला पत्रा असेल आणि तुमच्याकडच्या नियमांत ते बसत असेल, तर पद्धत अशी: भांडी घासायच्या साबणाचे थेंब घातलेलं पाणी फवारून पत्रा दोन्ही बाजूंनी ओला करायचा, सुकू लागला की पुन्हा. बोल्ट फिरत नसेल तर बोल्ट कापायचा, पत्रा तोडायचा नाही. वरून फेकायचा नाही, दोघांनी धरून अखंड खाली घ्यायचा. जाड, २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप मारायची आणि वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ असं लिहायचं. तोंडाला एफएफपी-थ्री किंवा पी-१०० मास्क. दाढी असेल तर मास्क कडेनं बसत नाही आणि घालून न घातल्यासारखाच होतो. कापडी रुमाल आणि सर्जिकल मास्क तंतू अडवत नाहीत. खाली पडलेलं झाडून काढायचं नाही, घरचा व्हॅक्यूम लावायचा नाही. ओल्या फडक्यानं टिपायचं आणि फडकं त्याच प्लास्टिकमध्ये टाकायचं. अंगावरचे कपडे बाहेरच उतरवून तेही त्यातच. ते न झटकता थेट पिशवीत जातील, एवढं तुम्ही स्वतः उभं राहून बघा.